होमी जहांगीर भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९, मृत्यू : माँ ब्लां, आल्प्स पर्वत, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे संस्थापक होते. अणुऊर्जेच्या संदर्भात त्यांचे नाव सर्वपरिचित असले, तरी त्यांच्या संशोधनाचा मूळ विषय विश्वकिरण हा होता. अवकाशातून येणारे हे किरण आज उपग्रहांतील इलेक्ट्रॉनिक उपकरणांना बाधक ठरणाऱ्या प्रारणाचा एक महत्त्वाचा घटक मानले जातात. विश्वकिरण मोजण्याची उपकरणे देशातच घडवावीत, असा भाभांचा आग्रह होता. भारतीय इलेक्ट्रॉनिकीच्या पायाभरणीत या आग्रहाचा मोठा वाटा आहे.

बालपण आणि शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर भाभा हे कायदेपंडित होते. भाभांची आत्या मेहेरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे टाटा घराण्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेतल्यानंतर १९२७ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. कुटुंबाच्या इच्छेनुसार त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची परीक्षा १९३० मध्ये प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली. त्यानंतर मात्र ते आपल्या आवडीच्या गणित व सैद्धान्तिक भौतिकीकडे वळले. अभियंत्याचे हे शिक्षण पुढे वाया गेले नाही.

विश्वकिरण संशोधन

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे गणित भाभांनी मांडले. ही प्रक्रिया आज ‘भाभा विकिरण’ या नावाने ओळखली जाते आणि कणत्वरकांतील मोजमापांसाठी तिचा उपयोग होतो. १९३७ मध्ये वाल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. उच्च ऊर्जेचा इलेक्ट्रॉन वातावरणातील अणूंजवळून जाताना गॅमा किरण बाहेर टाकतो. त्या गॅमा किरणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते. ही जोडी पुन्हा गॅमा किरण उत्पन्न करते. अशा रीतीने एका कणापासून असंख्य कणांचा वर्षाव होतो आणि मूळ ऊर्जा त्यांच्यात वाटली जाते. भूपृष्ठावरील सजीवांना वातावरणाचे संरक्षण कसे मिळते, हे समजण्यास या सिद्धान्ताने मोठी मदत झाली.

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले व त्यांचे परत जाणे राहिले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. दक्षिण भारत भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावते व प्रामुख्याने अतिउच्च ऊर्जेचे कणच आत येतात. त्यामुळे अशा अभ्यासासाठी हा प्रदेश विशेष सोयीचा आहे. १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

१९४४ च्या मार्च महिन्यात भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी प्रस्ताव पाठवला. त्यानुसार १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. बंगळूर येथे आरंभ झालेली ही संस्था त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या वास्तूत आली. पुढे गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आणि अखेर कुलाब्याच्या टोकाला असलेल्या स्वतःच्या वास्तूत तिचे स्थलांतर झाले. संस्थेतील संशोधकांनी उंच जाणाऱ्या फुग्यांतून उपकरणे पाठवून विश्वकिरणांची निरीक्षणे घेतली.

इलेक्ट्रॉनिकीची पायाभरणी

विश्वकिरणांचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची नोंद घेण्यासाठी गायगर गणित्र, विवर्धक, गणकमंडले इत्यादी साधने लागतात. स्वातंत्र्योत्तर काळात अशी साधने परदेशातून आणणे खर्चाचे व वेळखाऊ होते. ती विकत घेण्याचा मार्ग उपलब्ध असतानाही भाभांनी ती घडवणाऱ्या तंत्रज्ञांचा गट संस्थेतच उभारला. या गटाचे नेतृत्व अय्यागारी सांबशिव राव यांच्याकडे होते. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा आस्थापना सुरू झाल्यावर या कामाचा तेथे विस्तार झाला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनकडून आले होते. नियंत्रण यंत्रणा मात्र भारतीय तंत्रज्ञांनी तयार केली होती. टाटा संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘टिफरॅक’ हा संगणकही याच काळात बांधण्यात आला.

१९६३ मध्ये केंद्र शासनाने देशाच्या इलेक्ट्रॉनिकी गरजांचा विचार करण्यासाठी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विक्रम साराभाई व सांबशिव राव हे तिचे सदस्य होते. जुळणीपुरते न थांबता मूळ घटकांच्या उत्पादनापर्यंत देशाने स्वावलंबी व्हावे, ही समितीची भूमिका होती. तिचा अहवाल १९६६ मध्ये पुढे आला.

अवकाश, प्रारण आणि उपग्रह

१९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अंतर्गत भारतीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली. अध्यक्षपद साराभाई यांच्याकडे होते; तेही मूळचे विश्वकिरणांचे अभ्यासक. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिले अग्निबाण उड्डाण झाले.

अवकाशातील प्रारणाचा धोका याच सुमारास जगासमोर आला. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट घडवला. दुसऱ्याच दिवशी सोडलेल्या ‘टेलस्टार’ या दळणवळण उपग्रहातील ट्रान्झिस्टर वाढलेल्या प्रारणामुळे निकामी होऊ लागले आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा बंद पडला. प्रारणामुळे अर्धसंवाहक घटकाच्या ऑक्साइड थरात विद्युतभार साठून तो हळूहळू बिघडतो. तर एखादा जड कण स्मृतिमंडलातील शून्याचा एक किंवा एकाचा शून्य करू शकतो. केवळ जाड धातूचे आवरण हा यावरील उपाय नव्हे. कारण उच्च ऊर्जेचा कण आवरणात शिरल्यावर तेथेही दुय्यम कण निर्माण करतो. म्हणून प्रारणसह घटक वापरणे, एकच काम तीन मंडलांकडून करवून बहुमताचे उत्तर ग्राह्य धरणे, चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती योजणे आणि कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली घटकांची आधीच चाचणी घेणे, असे उपाय योजले जातात. भाभांनी स्वतः उपग्रहासाठी अशी मंडले तयार केली नाहीत. तथापि प्रारणाचे भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिकी या दोन्ही शाखा जाणणारी पिढी घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मृत्यू आणि वारसा

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान माँ ब्लां शिखरावर कोसळले व त्यातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. व्हिएन्ना येथील बैठकीस निघालेले भाभा त्यांत होते. त्यांचे वय ५६ वर्षे होते. ते अविवाहित होते. चित्रकला, पाश्चात्त्य संगीत व वृक्षराजी यांची त्यांना आवड होती. कुलाब्याच्या संस्थेतील चित्रसंग्रह व उद्यान त्यांच्या अभिरुचीची साक्ष देतात.

१९६७ मध्ये तुर्भे येथील आस्थापनेस भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. त्याच वर्षी तेथील इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या कार्यातून हैदराबाद येथे ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही कंपनी उभी राहिली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिकी आयोगाचे अध्यक्षपद भाभांचे सहकारी एम. जी. के. मेनन यांच्याकडे आले. याच सुमारास पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे भारतीय अभियंत्यांनी उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र उभारले. १९ एप्रिल १९७५ रोजी ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह अवकाशात गेला. विश्वकिरण वर्षावाच्या सिद्धान्तामागील तत्त्वांचा वापर आजही उपग्रहांवरील प्रारणाचा अंदाज बांधणाऱ्या गणनांमध्ये होतो.