इंग्रजी शिकायला पोरं यायची, वर्गात बायबल असायचं; विल्सन कॉलेजच्या विल्सन साहेबांची गोष्ट

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातलं इस्लापूर घ्या, नाहीतर मुंबईतली गिरगाव चौपाटी. आज कुठल्याही आईबापाला विचारलं की पोरांना काय शिकवायचंय, तर पहिलं उत्तर येतं इंग्रजी. शाळा कोणाची आहे, ती चालवणाऱ्यांचा हेतू काय आहे, हे प्रश्न नंतर. आधी इंग्रजी.

हे आजचं नाही. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत हेच चाललं होतं. तेव्हा एका स्कॉटिश माणसाने हे बरोबर ओळखलं आणि थेट शाळाच काढली. पोरं इंग्रजीसाठी यायची. तो मात्र ख्रिस्ती धर्म सांगायला आला होता. मग व्हायचं तेच झालं. प्रकरण कोर्टात गेलं, वर्ग रिकामे झाले, शास्त्रीमंडळींमध्ये भांडणं लागली.

त्या माणसाचं नाव डॉ. जॉन विल्सन. चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज आहे ना, ते याच विल्सन साहेबांचं.

विल्सन यांचा जन्म 11 डिसेंबर 1804 चा. स्कॉटलंडमधलं लॉडर हे त्यांचं गाव, घरची शेती. पोरगं हुशार, त्यामुळे चौदाव्या वर्षीच एडिनबर्ग विद्यापीठात दाखल झालं. शिकता शिकता ते एका धर्मगुरूच्या घरी मुलांना शिकवायला राहिले. त्या घरात असणाऱ्या मुलांपैकी काहींचे वडील हिंदुस्थानात फौजेत होते. या घरातच हिंदुस्थानची पहिली ओळख झाली असं म्हणतात.

तिकडे हिंदुस्थानातही परिस्थिती बदलली होती. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी लोक आपल्या मुलखात नको असायचे. उगाच लोक बिथरले तर व्यापार बुडायचा, ही भीती. पण 1813 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करून दिली आणि मिशनऱ्यांना दार उघडलं. त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत स्थिरावले. दहाएक वर्षांत स्कॉटिश लोक कोकणात बाणकोटला पोहोचले.

विल्सन यांनी 1828 मध्ये दीक्षा घेतली. त्याच वर्षी मार्गारेट बेन यांच्याशी लग्न केलं आणि नवराबायको जहाजात बसले. फेब्रुवारी 1829 मध्ये ते मुंबईत उतरले.

पण उतरल्या उतरल्या त्यांनी इंग्रजी शाळा काढली नाही. आधी स्वतः मराठी शिकायला बसले.

दोघं कोकणात गेले, हर्णै आणि बाणकोटला. तिथे मराठीची बाराखडी गिरवली. काही महिन्यांतच विल्सन मराठीत बोलायला लागले. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, फारसी, संस्कृत अशी यादी वाढतच गेली. ज्याला धर्म सांगायचा त्याच्या भाषेत सांगायचा आणि त्याच्याशी वाद घालायचा तर त्याचे ग्रंथ आधी वाचायचे, हा त्यांचा हिशोब होता.

मार्गारेटबाईंचं कामही तितकंच मोठं. त्यांनी मुंबईत मुलींसाठी मराठी शाळा काढल्या. हे साल आहे 1829-30 च्या आसपासचं. म्हणजे पुण्यात फुले दांपत्याने 1848 मध्ये मुलींची शाळा काढली, त्याच्या बरंच आधीचं. अर्थात फरक मोठा आहे. मार्गारेटबाईंच्या शाळेत बायबल होतं. फुल्यांच्या शाळेत धर्मप्रसार नव्हता, आणि ती इथल्याच माणसांनी इथल्याच मुलींसाठी काढलेली होती.

मुंबईत सहा वर्षं काढली आणि 1835 मध्ये मार्गारेटबाई वारल्या. त्यांच्या दोन बहिणी मुंबईत आल्या आणि मुलींच्या शाळांचं काम त्यांनी पुढे नेलं. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपलं मूळ याच कामात सांगते.

आता येऊ इंग्रजी शाळेकडे.

1832 मध्ये विल्सन यांनी मुंबईत इंग्रजी शाळा सुरू केली. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश मिशनरीने दोन वर्षांपूर्वी हाच प्रयोग केला होता. शाळेत गणित, भूगोल, इतिहास, विज्ञान सगळं शिकवायचं, इंग्रजीतून शिकवायचं, आणि त्यासोबत रोज बायबल.

हे चाललं कसं, तर गरजेमुळे. कंपनीच्या कचेऱ्यांत, व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर इंग्रजी येणाऱ्याला नोकरी मिळत होती. सरकारी शाळा होत्या, पण त्यात धर्म शिकवायचा नाही असं सरकारचं धोरण होतं. मिशनच्या शाळेत शिक्षक थेट विलायतेहून आलेले, इंग्रजी त्यांच्या तोंडून ऐकायला मिळायचं. मग पारशी, हिंदू, मुसलमान अशा सगळ्या घरांतून पोरं यायला लागली. बायबलचा तास म्हणजे इंग्रजीसाठी मोजायची किंमत, असं आईबापांनी धरलं होतं. पोरगं तास ऐकेल, इंग्रजी उचलेल, बायबल तिथेच सोडून घरी येईल.

शाळेबाहेर तर सरळ वादाचे फड रंगायचे. मोरभट दांडेकर नावाच्या शास्त्र्यांनी विल्सन यांच्याशी जाहीर वाद घातला आणि 1831 मध्ये हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तकही छापलं. विल्सन यांनी लगेच त्याला उत्तर देणारं पुस्तक काढलं. साताऱ्याच्या नारायणरावांनी पुन्हा लिहिलं, विल्सन यांनी पुन्हा उत्तर दिलं. आज सोशल मीडियावर थ्रेडला थ्रेड लागतो ना, तसंच. फक्त एकेका रिप्लायला वर्ष लागायचं.

आता खरं सांगायचं तर विल्सन यांची टीका बोचरी असायची. हिंदू, पारशी, मुसलमान, कोणालाच त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्याचे ग्रंथ ते मन लावून वाचायचे, पण ते वाचायचे खोडून काढण्यासाठी. हे विसरून त्यांची गोष्ट सांगता येत नाही.

तरी सात वर्षं सगळं बरं चाललं. मग 1839 उजाडलं.

मे 1839. शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. दोघंही विशीच्या आतबाहेरचे. मुंबईतला पारशी समाज म्हणजे जहाजांपासून अफूपर्यंतच्या व्यापारात असलेला श्रीमंत, वजनदार समाज. त्यांची दोन मुलं शाळेतून परतलीच नाहीत, मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेली.

मुंबईत हलकल्लोळ झाला. नातेवाइकांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला, मुलगा आमच्या ताब्यात द्या. प्रश्न साधा वाटतो पण साधा नव्हता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने धर्म बदलायचा तर तो निर्णय त्याचा, की घरच्यांचा? त्याला फूस लावली, की त्याला खरंच पटलं? आणि इंग्रजी शिकायला पाठवलेल्या मुलाला धर्म विचारायचा हक्क मास्तरला दिला कोणी?

कोर्टाने धनजीभाईंना त्यांच्या मर्जीप्रमाणे जायला मोकळीक दिली. ते मिशनऱ्यांकडे परत गेले. कायद्याच्या बाजूने विल्सन जिंकले.

पण शाळा हरली. पारशी आईबापांनी पोरं काढून घेतली, बाकीच्यांनीही धसका घेतला. जे वर्ग भरभरून वाहायचे ते ओस पडले. मिशनऱ्यांना आवर घाला म्हणून समाजातल्या मोठ्या लोकांनी सरकारकडे अर्जही केले, पण सरकारने ते मान्य केले नाहीत.

यथावकाश वर्ग पुन्हा भरले, कारण इंग्रजीची गरज संपलेली नव्हती. 1843 मध्ये विल्सन सुट्टीवर मायदेशी निघाले. वाटेत इजिप्त, सिनाई, पॅलेस्टाईन फिरत गेले. सोबत धनजीभाईही होते. विल्सन तिकडे असतानाच मुंबईत दुसरा बॉम्ब फुटला.

शाळेतल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने सप्टेंबर 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला. विल्सन यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट तेव्हा काम बघत होते. नारायणचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. यावेळी निकाल उलटा लागला. श्रीपत अजून लहान होता, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरी अडचण आता सुरू झाली. मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेल्या मुलाला ब्राह्मण जातीत परत घ्यायचं का? मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राचे, दर्पणचे संपादक बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. पोराने अजाणतेपणी केलं, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या, अशी बाजू त्यांनी लावून धरली. सनातनी मंडळी भडकली. मुलाची बाजू घेतल्याबद्दल बाळशास्त्रींनाच समाजाचा रोष सोसावा लागला. एका पोरामुळे शास्त्रीमंडळींत दोन तट पडले.

बाटलेल्याला परत घेता येतं की नाही, हा प्रश्न मुंबईने इतक्या उघडपणे क्वचितच चर्चेला घेतला होता. तो चर्चेला आला इंग्रजीच्या वर्गामुळे.

त्याच वर्षी विल्सन यांना आणखी एक धक्का बसला. स्कॉटलंडमध्ये चर्च फुटलं. विल्सन आणि त्यांचे सहकारी नव्या फ्री चर्चमध्ये गेले, तर शाळेची नवी इमारत जुन्या चर्चकडे राहिली. म्हणजे आयुष्याची कमाई ज्या इमारतीत घातली ती हातातून गेली. परत येऊन त्यांनी शाळा पुन्हा उभी केली.

या माणसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1835 मध्ये विल्सन गुजरातच्या दौऱ्यावर गिरनारला गेले होते. तिथल्या मोठ्या खडकावरची अक्षरं तेव्हा कोणाला वाचता येत नव्हती. त्यांनी त्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पुढे त्याचे ठसे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेले, आणि अशोकाचे शिलालेख वाचण्याच्या कामाला त्यांचा उपयोग झाला. त्याच वर्षी विल्सन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले. 1845 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं.

पण 1857 च्या उठावात इंग्रज सरकारने पकडलेली गुप्त पत्रं वाचायला याच भाषापंडिताची मदत घेतली. म्हणजे मिशनरी आणि सरकार वेगळे होते, पण फार लांबही नव्हते.

त्यांच्या शाळेत आफ्रिकेतली मुलंही शिकली. 1864 मध्ये प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला तेव्हा त्याने चुमा आणि विकतानी ही दोन मुलं विल्सन यांच्या शाळेत ठेवली होती. यातला चुमा पुढे लिव्हिंग्स्टनचं प्रेत आफ्रिकेच्या जंगलातून समुद्रकाठी आणणाऱ्यांत होता.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झालं आणि 1868 मध्ये विल्सन त्याचे कुलगुरू झाले. ज्या माणसाच्या शाळेतून शहराने पोरं काढून घेतली होती, त्याच्याकडेच शहराचं विद्यापीठ आलं. 1 डिसेंबर 1875 ला मुंबईतच ते वारले. 46 वर्षांपूर्वी आलेला माणूस इथल्याच मातीत पुरला गेला. चौपाटीसमोरची कॉलेजची आजची इमारत 1889 ची, म्हणजे त्यांनी ती पाहिलीच नाही.

मग हिशोब काय लागला?

विल्सन यांना मुंबईच्या पोरांना ख्रिस्ती करायचं होतं. त्या मापाने बघितलं तर पदरी फार काही पडलं नाही. हजारो शिकून गेले, धर्म बदलणारे मोजकेच. पण त्या मोजक्यांतही माणसं भारी निघाली. याच शाळेत शिकलेले बाबा पदमनजी पुढे ख्रिस्ती झाले आणि 1857 मध्ये त्यांनी विधवांच्या हालांवर यमुनापर्यटन लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात.

आणि जे ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांच्यावरही परिणाम झालाच. विल्सन यांनी 1843 मध्ये पारशी धर्मावर टीकेचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याला उत्तर द्यायचं तर आपलेच ग्रंथ नीट वाचायला हवेत, हे तरुण पारशांच्या लक्षात आलं. 1851 मध्ये नौरोजी फर्दुनजी, दादाभाई नौरोजी यांनी धर्मसुधारणेसाठी सभा काढली. विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालायला उभे राहिले ते 1857 मध्ये. विल्सन यांना धर्म बदलायचे होते, झालं असं की लोक आपापले धर्म तपासायला लागले.

जाता जाता आपल्या मराठवाड्याचं. ज्या नारायण शेषाद्रींमुळे 1843 ला मुंबई हादरली, ते पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे आलेले बहुतेक लोक मांग समाजातले, ज्यांना गावात पाण्यालाही शिवू देत नव्हते. मुंबईच्या वर्गात ब्राह्मण आणि पारशी पोरांसाठी सुरू झालेली गोष्ट जालन्याजवळ अशा माणसांपाशी येऊन थांबली, ज्यांना इंग्रजीच्या आधी माणूस म्हणून जागा हवी होती.

त्या आईबापांचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बरोबर निघाला. पोरांनी इंग्रजी उचललं आणि बायबल बहुतेकांनी वर्गातच ठेवलं. पण वर्गातून बाहेर पडताना ती प्रश्न विचारायला शिकली होती. ते कोणत्याच घराने हिशोबात धरलं नव्हतं, आणि विल्सन साहेबांनीही नाही.