नाथांची वही आणि आमची

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की दिंड्या पैठणच्या वाटेला लागतात आणि आम्हां कीर्तनकारांच्या मुखी नाथांची आख्याने येतात. शके १५२१ मध्ये याच तिथीला श्रीएकनाथमहाराजांनी गोदावरीत देह ठेवला. त्यांचे चरित्र सांगताना अलीकडे आम्हांस संकोच वाटतो. कारण पुढे येईलच.

भानुदासांच्या कुळात, सुमारे १५३३ साली जन्मलेले हे बालक आईबापांवाचून आजोबांपाशी वाढले आणि कोवळ्या वयातच देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत राहिले. स्वामींनी त्याच्या हाती हिशेबाच्या वह्या दिल्या. एके रात्री मेळ बसेना. चूक अवघ्या एका पैची. सारा वाडा निजला असता एकनाथ दिव्यापाशी बसून रकमेमागून रकम तपाशीत राहिले आणि पहाटे चूक सापडताच त्यांनी हर्षाने टाळी वाजविली, अशी कथा आहे. ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली. पण ती चूक त्यांच्या स्वतःच्याच वहीतली होती, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. टाळी आम्हीही वाजवितो, परंतु दुसऱ्याची वही पाहून.

पुढे नाथांनी पैठणास प्रपंच मांडला, भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली, १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. भारुडेही रचिली. त्यांतला कामक्रोधाचा विंचू श्रोत्याला डसत नाही, सांगणाऱ्यालाच डसतो! श्राद्धाचे अन्न त्यांनी गावकुसाबाहेरच्या भुकेल्यांना वाढले, तेव्हा सोवळ्यातल्या मंडळींनी त्यांना दोषी ठरविले. नाथांनी उलट दोष दिला नाही.

घरातही तेच. पुत्र हरिपंडित मोठा शास्त्री. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, परान्न घ्यावे, हे न रुचून तो काशीस निघून गेला. नाथ त्याला आणावयास गेले आणि त्याच्या दोन्ही अटी मान्य करून परतले. संस्कृत निरूपणाला श्रोते ओसरले. नाथ मुलाला काही बोलले नाहीत. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका गरीब बाईच्या घरी नाथ एकटेच जेवले. हरिपंडिताने पत्रावळ उचलावी तो खाली दुसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या आणि त्याचा अभिमान गळाला, असे चरित्रकार सांगतात.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला. तरीही आख्यानात हरिपंडित आला की आम्ही त्याची नक्कल करीत असू: ताठ मान, घोटून काढलेले उच्चार, उपरण्याचा झटका. श्रोते पोट धरून हसत. एका षष्ठीला कीर्तन संपल्यावर खेड्यातली एक वृद्धा पाया पडावयास आली. कोठेतरी ऐकून पाठ केलेला एक श्लोक तिने भक्तिभावाने म्हटला. उच्चार अशुद्ध होते. आम्ही चारचौघांत तिला तिथेच थांबवून दुरुस्त केले. जवळचे दोघे हसले. ती उरलेला श्लोक न म्हणताच मागे सरली, आणि आम्ही उपरणे झटकून खांद्यावर टाकले. तो झटका आमच्या ओळखीचा होता. घटकेपूर्वीच त्यावर मंडप हसला होता.

ती बाई पुन्हा दिसली नाही. यंदाही षष्ठीचे आख्यान आमच्याकडेच आहे. हरिपंडित उभा करावाच लागेल. मात्र उपरणे घरी ठेवून जाणार आहो.