एक दशांश ग्रॅम

मादाम क्यूरी हे नाव उच्चारताच दोन नोबेल पारितोषिके आठवतात. आम्हांला मात्र आठवते ती पॅरिसमधली एक गळकी शेड आणि तीत उकळणारी काहील. आम्ही बी. ए.; रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेतच संपला. तरीही या बाईंच्या चरित्रात शोधापेक्षा शोधानंतरची चार वर्षे आम्हांला अधिक मोठी वाटतात. म्हणून मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी तोच भाग निवडला आहे.

मारिया स्क्लोडोव्स्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. तेथे तेव्हा रशियाच्या झारचा अंमल होता आणि मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. मारियाने परक्या घरी मुलांना शिकवून पैसे धाडले. त्यांवर थोरली बहीण ब्रोन्या पॅरिसला वैद्यक शिकली आणि मग तिने धाकटीला बोलावून घेतले. १८९१ साली मारिया पॅरिसला आल्या, १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्या आणि १८९५ मध्ये पिएर क्यूरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पिचब्लेंड या खनिजातून, त्यातल्या युरेनियमच्या मानाने किरण फार बाहेर पडतात, असे त्यांना आढळले. अर्थात त्यात आणखी काही दडले असले पाहिजे. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम अशी दोन नवी मूलद्रव्ये या दांपत्याने जाहीर केली. पहिल्याला नाव दिले ते नकाशावरून पुसल्या गेलेल्या मायदेशाचे. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यावर भाष्य नको.

पण रसायनशास्त्रज्ञांचे नुसत्या किरणांवर समाधान होईना. द्रव्य वेगळे काढून दाखवा, त्याचा अणुभार सांगा, ही त्यांची मागणी. ती रास्तच होती. पुराव्यावाचून कागद पुढे सरकत नाही हे आम्ही कचेरीत रोज पाहतो.

ऑस्ट्रियाच्या तेव्हाच्या राज्यातील योआखिमस्थालच्या खाणीवर युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा रानात पडून होता. तेथील सरकारने त्यातला एक टन दिला. पाइनच्या सुया मिसळलेला तो तपकिरी माल पोत्यांतून आला. काम चालले त्या शेडमध्ये पूर्वी प्रेतविच्छेदन होत असे. एका वेळी वीस वीस किलो माल घ्यायचा, सोड्याच्या द्रावणात उकळायचा, धुवायचा, आम्लात विरघळवायचा. बाई जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी कांबीने तो दिवसभर ढवळीत.

खरी अडचण पुढेच होती. रेडियम बेरियमबरोबर येते, आणि दोघांचे गुणधर्म सख्ख्या भावंडांसारखे. फरक एवढाच, की रेडियमचे क्लोराइड पाण्यात जरा कमी विरघळते. म्हणून उकळते द्रावण निवू दिले की आधी बसणाऱ्या स्फटिकांत रेडियमचा अंश किंचित अधिक असतो; खडीसाखरेचे खडे पाकात धरतात, तसे हे खडे. ते वेचून पुन्हा विरघळवायचे, पुन्हा निववायचे. उरलेले पाणीही टाकायचे नाही. ते खालच्या पायरीच्या खड्यांत मिसळायचे, कारण त्यातही अंश राहतो. प्रत्येक पायरीवर यंत्राने किरणांचे मोजमाप घ्यायचे. आणि हे सारे धूळ नि कोळशाची पूड उडणाऱ्या जागेत!

१९०२ मध्ये हाती आले ते एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. बाईंनी अणुभार काढला २२५. आज तो २२६ मानतात. शंकेला जागा उरली नाही. पोलोनियम मात्र त्यांना शुद्ध रूपात कधीच मिळाले नाही, कारण ते १३८ दिवसांत निम्मे होते.

या पद्धतीचे पेटंट त्यांनी घेतले नाही. व्यवहारी माणसाला हे पटणार नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही क्षणभर चुकल्यासारखे वाटते. कारण १९२१ मध्ये एक ग्रॅम रेडियमसाठी अमेरिकेतल्या स्त्रियांना त्यांच्याकरिता वर्गणी जमवावी लागली.

१९०६ मध्ये पिएर घोडागाडीखाली सापडून गेले. बाईंनी त्यांचे अध्यापन पुढे चालविले, १९१० मध्ये आंद्रे द्‌ब्येर्न यांच्यासह रेडियम धातुरूपातही वेगळे केले आणि १९११ चे रसायनशास्त्राचे पारितोषिक एकटीने मिळविले. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या विकाराने त्यांचे निधन झाले. ती त्या किरणांचीच करणी, असे मानले जाते. त्यांच्या वह्या आजही शिसे लावलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत.

मृत्यूपूर्वी दोन वर्षे, १९३२ मध्ये, वॉर्सा येथे रेडियम संस्थेचे उद्‌घाटन झाले. तिच्यासाठी बाईंनी १९२९ मध्ये पुन्हा अमेरिकेला जाऊन आणखी एका ग्रॅमची सोय केली होती. मायदेश तोवर स्वतंत्र झाला होता, आणि संस्थेची पहिली संचालिका होती ब्रोन्या.