हवा दूर ठेवणारा माणूस

रंग न दिलेली, राखाडी-रुपेरी, दिसायला अगदी साधी अशी सायकलची एक फ्रेम. दुकानदार तिची किंमत सांगतो तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. नुसत्या सांगाड्याला एवढे पैसे? चाके नाहीत, पेडल नाहीत, बसायला सीटसुद्धा नाही! पण ही टायटेनियमची फ्रेम असते. ती गंजत नाही, रंग मागत नाही, पोलादापेक्षा हलकी असते आणि नीट बनवलेली असेल तर पुढच्या पिढीच्याही कामाला येते. ‘नीट बनवलेली असेल तर’ या चार शब्दांतच सगळी मेख आहे. ती समजून घ्यायची तर लक्झेंबर्ग नावाच्या चिमुकल्या देशातल्या एका अविवाहित, हट्टी माणसाची ओळख करून घ्यायला हवी.

विल्यम जस्टिन क्रोल हे त्याचे नाव. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘क्रोल पद्धत’ परीक्षेपुरती ठाऊक असते. त्या नावामागचा माणूस मात्र पुस्तकाच्या पानात कधी भेटत नाही. २४ नोव्हेंबर १८८९ रोजी एश-सुर-अल्झेत या गावी त्याचा जन्म झाला. गाव लोखंडाच्या खाणींचे आणि झोतभट्ट्यांचे. अशा गावातला मुलगा धातूंकडे वळला यात नवल नाही. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यापीठात त्याने धातुशास्त्राचे शिक्षण घेतले, डॉक्टरेट मिळवली आणि जर्मनीत काही वर्षे नोकरी केली. १९२३ च्या सुमारास तो मायदेशी परतला आणि लक्झेंबर्ग शहरात राहत्या घरीच त्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटली.

इथे माझ्यातला जुना बँक अधिकारी कान टवकारतो. या प्रयोगशाळेला विद्यापीठाचा आधार नव्हता की सरकारचे अनुदान नव्हते. आधीच्या शोधांच्या पेटंटमधून जे उत्पन्न येई, ते पुढच्या शोधाच्या भट्टीत जाई. लग्न नाही, संसार नाही. घर आणि कारखाना एकच.

टायटेनियम हे मूलद्रव्य तेव्हा नवे नव्हते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाने ते १७९१ मध्ये ओळखले होते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही त्याचे खनिज, इल्मेनाइट, आहे. पृथ्वीच्या पोटात ते मुबलक आहे. मग अडचण कुठे होती? अडचण होती हवेची. तापलेले टायटेनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखे शोषून घेते, आणि मग हा चिवट धातू वाळवणाच्या पापडासारखा कडकन मोडतो. १९१० मध्ये अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी सोडियम वापरून, बंद पोलादी भांड्यात शुद्ध टायटेनियम मिळवून दाखवले होते. पण ते अगदी थोडे, आणि मोठ्या प्रमाणावर करायला अवघड.

क्रोलने वर्षानुवर्षे खटपट करून तीस सालानंतरच्या दशकात वाट शोधली. खनिजापासून आधी क्लोरीनयुक्त द्रव तयार करायचा. हा द्रव इतका चिडका, की दमट हवेत बाटली उघडली तरी पांढरा धूर सुटावा. मग बंद भांड्यात मॅग्नेशियम वितळवून त्यावर तो सोडायचा. मॅग्नेशियम क्लोरीनला आपल्याकडे ओढून घेते आणि टायटेनियम मोकळे होते. हे सगळे करताना भांड्यात हवेचा लवलेश नको, म्हणून आरगॉन हा कशाशीच संयोग न करणारा वायू भरायचा. शेवटी भांड्यात उरतो तो सच्छिद्र, करडा, स्पंजासारखा गोळा. हाच स्पंज पुन्हा वितळवून त्याच्या लाद्या, पत्रे, नळ्या होतात.

आता हा धातू विकायचा कोणाला? १९३८ मध्ये क्रोल आपले नमुने घेऊन अमेरिकेला गेला. तिथल्या कंपन्यांची दारे त्याने ठोठावली आणि रिकाम्या हाताने परतला. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना आमचे तीन प्रश्न ठरलेले असत : माल काय, गिऱ्हाईक कोण, तारण काय? क्रोलपाशी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर होते. धातू उत्तम, पण त्यावाचून कोणाचेच अडलेले नव्हते. जेट विमानांचे युग अजून उगवायचे होते. म्हणून त्या कंपन्यांना मी फार दोष देत नाही. मला अप्रूप वाटते ते परत येऊन पुन्हा भट्टी पेटवणाऱ्याचे.

युद्धाचे ढग दाटले, तसा १९४० च्या फेब्रुवारीत तो देश सोडून अमेरिकेला गेला. तीनच महिन्यांनी, १० मे रोजी, जर्मन फौजा लक्झेंबर्गमध्ये घुसल्या. प्रयोगशाळा मागे राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या पद्धतीला पेटंट मिळाले, आणि युद्धकाळात तिथल्या सरकारने ते शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले! ज्या शत्रूच्या भीतीने माणूस पळून आला, त्याच शत्रूच्या खात्यावर त्याची जमा टाकली गेली. कादंबरीत मी असे लिहिले असते तर संपादकाने भुवया उंचावल्या असत्या. हक्क परत मिळवण्यासाठी क्रोलला दीर्घ कायदेशीर लढा द्यावा लागला. तो त्याने दिला, आणि जिंकलाही.

कोर्टकचेरी चालू असताना त्याचे काम थांबले नव्हते. १९४५ मध्ये तो ओरेगॉन राज्यातील ऑल्बनी येथे अमेरिकेच्या खाण खात्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. जवळपास तशाच पद्धतीने त्याने झिर्कोनियम हा दुसरा हट्टी धातू मिळवला. ‘नॉटिलस’ या पहिल्या अणुपाणबुडीच्या अणुभट्टीसाठी नेमका हाच धातू लागला. १९४८ पासून अमेरिकेत टायटेनियमचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. पेटंटचे पैसे येऊ लागले, पण माणूस साधाच राहिला. आपली पद्धत खर्चिक आहे, लवकरच विजेवर चालणारी दुसरी पद्धत तिची जागा घेईल, असे त्याचे स्वतःचेच मत होते. त्याचा हा अंदाज मात्र चुकला. आजही जगातले बहुतेक टायटेनियम त्याच्याच पद्धतीने निघते. केरळात चवरा येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याचीही पद्धत हीच. उतारवयात तो युरोपात परतला आणि ३० मार्च १९७३ रोजी बेल्जियममध्ये वारला. आपली पुंजी त्याने धातुशास्त्राच्या शिक्षणासाठी ठेवली. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या खाणविद्यालयात त्याच्या नावाची संस्था उभी राहिली.

त्याच वर्षी जुलैमध्ये लुइस ओकान्या या स्पॅनिश सायकलपटूने ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. त्या शर्यतीत तो इंग्लंडमधल्या स्पीडवेल कंपनीची टायटेनियमची सायकलही चालवत होता. क्रोलला ते पाहायला मिळाले नाही.

माझा पुतण्या अशी फ्रेम घ्यायला निघाला, तेव्हा मी त्याला आधी क्रोलची गोष्ट सांगितली. कारण निवड करताना पाहायचे असते ते नेमके तेच : हवा दूर ठेवली की नाही?

फ्रेमच्या नळ्या वेल्डिंगने जोडतात. तिथे धातू पुन्हा वितळतो आणि पुन्हा हवेवर तुटून पडायला बघतो. म्हणून बाहेरून तर आरगॉनची धार हवीच, पण नळीच्या आतही आरगॉन भरावा लागतो. सांधा रुपेरी किंवा फिकट सोनेरी दिसला तर काम ठीक. निळा, जांभळा, करडा डाग दिसला तर हवा शिरली असे समजावे. बाहेरचा डाग घासून काढता येतो, आतला नाही. तेव्हा छोटी बॅटरी घेऊन सीटच्या नळीतून आणि पेडलचा एक्सल बसतो त्या आडव्या कप्प्यातून आत डोकावावे. वेल्डिंगच्या एकसारख्या लाटा डोळ्यांना सुखावतात, पण नुसत्या त्यावर भुलू नये.

मग धातूचे नाव विचारावे. चांगल्या फ्रेमच्या नळ्या बहुधा तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूच्या असतात. विमानांतल्या हायड्रॉलिक तेलाच्या नळ्यांसाठी तो वापरात आला. सत्तरच्या दशकातल्या काही फ्रेम नुसत्या शुद्ध टायटेनियमच्या होत्या. त्या फार लवचीक निघाल्या, काहींना तडेही गेले. टायटेनियमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा. म्हणून नळ्यांचा व्यास वाढवून ती उणीव भरून काढावी लागते. पोलादी फ्रेमइतक्याच बारीक नळ्या दिसल्या तर तसे का, हे विचारावे.

चाके बसवून ती दोन्ही एका रेषेत येतात का ते पाहावे. आटे स्वच्छ कापलेले हवेत, आणि तिथे योग्य ते ग्रीस हवेच, कारण हा धातू दुसऱ्या धातूला चिकटून बसतो. हमी लेखी घ्यावी, आणि दुरुस्ती कोण करणार हे आधीच ठरवावे. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याचे हे काम नाही. आणि या सगळ्याच्या आधी, फ्रेमचे माप आपल्या अंगाला बरोबर आहे ना, हे बघावे. मापात चुकलेली फ्रेम टायटेनियमची असली तरी पाठ दुखायची ती दुखतेच.

एवढे प्रश्न विचारले की दुकानदाराची परीक्षा आपोआप होते. सांध्याच्या आत काय आहे ते दाखवायला जो कंटाळत नाही, त्याच्याकडूनच फ्रेम घ्यावी.