कै. दादासाहेब फाळके : एका अवघड चित्राची साधना

आपल्या इगतपुरीच्या उत्तरेस, डोंगरांच्या रांगेपलीकडे त्र्यंबकेश्वर क्षेत्र आहे. तेथे 30 एप्रिल 1870 रोजी एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे. परंतु ते मूळचे चित्रकार, आणि जे चित्र पुरे करताना त्यांची खरी कसोटी लागली ते हलणारे होते, एवढाच काय तो फरक.

वडिलांस मुंबईस अध्यापकाची जागा मिळाल्यामुळे कुटुंब तिकडे गेले. 1885 मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व पुढे बडोद्याच्या कलाभवनात तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम व छायाचित्रण शिकले. विद्या अनेक हस्तगत झाल्या, पण स्थैर्य एकीतही लाभेना. गोध्रा येथे छायाचित्रांचा व्यवसाय मांडला, तो प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेल्यावर मोडला. जादूचे प्रयोग करून पाहिले. पुराणवस्तू खात्यातील नोकरी पत्करली, तीही 1906 मध्ये सोडली. नंतर लोणावळ्यास व दादरला छापखाना काढला. तंत्र शिकण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. छपाई नावाजली गेली. तोही भागीदारांशी न पटल्याने त्यांनी सोडून दिला. वयाची चाळिशी उलटली होती आणि पदरी संसार होता. अनेक गोष्टी उत्तम करणारा आणि एकही शेवटास न नेणारा, असा लौकिक होऊ लागला म्हणजे इतरांच्या आधी मनुष्य स्वतःच स्वतःवर अविश्वास दाखवू लागतो. फाळके यांचे मन त्यास अपवाद असेल असे आम्हांस वाटत नाही.

1911 मध्ये मुंबईस त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर येशूच्या ठिकाणी त्यांस राम-कृष्ण दिसू लागले आणि चित्त ठिकाणावर राहिले नाही. मिळतील ती पुस्तके आणली, एक लहानसे यंत्र आणले, रात्रंदिवस खपले. झोप अशी ती नाहीच. या अतिश्रमाने डोळे अधू होऊन दृष्टी जाण्याची वेळ आली. चित्रकाराचे डोळेच गेले तर उरले काय? डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी व निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली, तेव्हा कोठे पुढील मार्ग खुला झाला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथील बायस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांनी या धंद्यातील धोके दाखवून आधी त्यांस परावृत्तच केले. पण निर्धार पाहून हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत ओळख करून दिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते परतले.

आता भांडवल हवे होते, आणि ज्या वस्तूचे नावही लोकांस ठाऊक नाही तिच्यावर कोण पैसा लावणार! येथे फाळके यांनी जे केले ते त्यांच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. हरिश्चंद्राचा भव्य पट बाजूस ठेवून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा तिच्यासमोर स्थिर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठराविक अंतराने एकेक चौकट टिपली. दाणा फुटला, अंकुर वर आला, वेल चढला. आणि ती फीत पडद्यावर धावली तेव्हा हे सारे पाहता पाहता घडले. ही ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्जाची व्यवस्था केली. हे खरेच, परंतु त्या कुंडीने सावकाराआधी फाळके यांचीच समजूत घातली असावी. एवढे तरी आपल्या हातून पुरे झाले!

मग दादरच्या मथुरा भवनात ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहू लागला. तारामतीच्या भूमिकेस एकही स्त्री मिळेना. अखेर खाणावळीत काम करणारे साळुंके यांना लुगडे नेसविले. रोहिदास झाला तो फाळके यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. आणि सरस्वतीबाई! ज्यांच्या घरात चूल आणि मुलेबाळे आहेत त्या भगिनींनी हे अवश्य वाचावे. या माउलीने दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, भर उन्हात प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरल्या आणि रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फितीस भोके पाडली. पतीचा धीर खचला असता तर तो सावरणारे माणूस घरातच होते.

काही महिन्यांनी सुमारे 3700 फुटांचा पट तयार झाला आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांपुढे आला. त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड व चित्रशाळा नाशिकला आणली. 1917 चा ‘लंकादहन’ आणि 1919 चा ‘कालिया मर्दन’ यांनी त्यांची कीर्ती सर्वदूर पोहोचविली.

पण मनाची ती जुनी व्यथा समूळ गेली होती असे नव्हे. भागीदारांशी पुन्हा बिनसले, आणि ऐन वैभवात सर्व सोडून ते काशीस जाऊन राहिले. चित्रपटाला आपण कायमचे मुकलो असे त्यांनी मनोमन ठरविले होते. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. परंतु मित्रांच्या आग्रहाने ते नाशिकला परतले व पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. 1937 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापूरला त्यांनी ‘गंगावतरण’ पुरा केला. बोलपट म्हणून तयार केलेले त्यांचे हे एकमेव चित्र, आणि शेवटचेही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.