आजाराच्या आधी पोहोचलेल्या डॉक्टर

बालकांचे आरोग्य म्हणजे आजारी मुलावर उपचार, अशीच समजूत विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतही रूढ होती. निरोगी मुलाच्या दारी वैद्यकसेवा वेळीच गेली, तर त्याच्यावर रुग्णालयाची पायरी चढण्याची वेळच येत नाही, हे न्यूयॉर्कमध्ये सिद्ध करून दाखवले ते डॉ. सारा जोसेफीन बेकर यांनी.

१५ नोव्हेंबर १८७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे एका सुखवस्तू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या १६ वर्षांच्या असताना विषमज्वराने वडिलांचे निधन झाले. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८९८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. खासगी व्यवसायात उत्पन्न तुटपुंजे होते. म्हणून १९०१ मध्ये त्यांनी शहराच्या आरोग्य खात्यात निरीक्षकाचे काम पत्करले. १९०७ मध्ये ‘टायफॉइड मेरी’ला ताब्यात घेणाऱ्या पथकातही त्या होत्या.

गरीब स्थलांतरितांच्या कोंदट चाळींतून फिरताना त्यांना एक गोष्ट उमगली. उन्हाळ्यात अतिसाराने मरणारी तान्ही मुले जन्मतः धडधाकट असत. दूषित दूध आणि अज्ञान त्यांचा घात करीत असे. मूल डॉक्टरांपर्यंत पोहोचे तेव्हा बहुधा उशीर झालेला असे. १९०८ च्या उन्हाळ्यात बेकर यांनी ३० परिचारिकांना एका दाट वस्तीत धाडले. जन्मनोंदीवरून पत्ता काढून परिचारिका नवजात बाळाच्या घरी जात. अंगावरचे दूध, स्नान, मोकळी हवा आणि हलके कपडे यांचे महत्त्व आईला समजावून सांगत. त्या उन्हाळ्यात तेथे आदल्या वर्षीपेक्षा १,२०० मृत्यू कमी झाले.

त्याच वर्षी शहराने बाल आरोग्य विभाग स्थापन केला आणि त्याची धुरा बेकर यांच्याकडे सोपवली. स्त्रीच्या हाताखाली काम करण्यास सहा डॉक्टरांनी नकार दिला. महिनाभर काम करून पाहा, असे सांगून बेकर यांनी त्यांना थोपवले आणि मग ते तेथेच रमले. शुद्ध दुधाची केंद्रे, सुईणींचे प्रशिक्षण व परवाने, शाळांतून आरोग्य तपासणी अशी कामे उभी राहिली. आई कामावर गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींनाही बालसंगोपनाचे धडे मिळू लागले. नवजात बाळांच्या डोळ्यांत घालावयाचे सिल्व्हर नायट्रेट बाटलीत दूषित वा तीव्र होई. बेकर यांनी ते मेणाच्या कुपीत एका वेळेपुरते भरून दिले आणि कित्येकांची दृष्टी वाचली.

या यशाला विरोधही झाला. आत्मचरित्रात त्यांनी नोंदवल्याप्रमाणे, ब्रुकलिनमधील तीसहून अधिक डॉक्टरांनी महापौरांकडे अर्ज करून हा विभाग बंद करण्याची मागणी केली. मुले निरोगी राहू लागल्याने त्यांच्याकडे रुग्ण येईनासे झाले होते! बेकर यांनी ही तक्रार म्हणजे आपल्या कामाची पावतीच मानली.

१९२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या शहरांत न्यूयॉर्कचा बालमृत्युदर सर्वांत कमी होता. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. टळलेल्या आजाराची नोंद कोणत्याच रुग्णालयाच्या दप्तरी होत नाही. म्हणूनच अशा कामासाठी पैसा आणि माणसे मिळवणे तेव्हाही कठीण होते आणि आजही ते सोपे नाही.