अण्णा मणी: पावसाच्या आकड्यांना एका मापात आणणारी शास्त्रज्ञ

पावसाळ्यात आपल्या व्हॉट्सअॅपवर रोज एक यादी फिरते. कोणत्या मंडळात किती मिलिमीटर. यादी फॉरवर्ड करताना एक प्रश्न आपण विचारत नाही: सेनगावचे ३५ आणि वसमतचे ३५ हे खरंच सारखे आहेत का? ते सारखे असावेत म्हणून ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यात अण्णा मणी यांचं नाव फार वरचं आहे. नावावरून फसू नका, या बाई होत्या. २०२२ मध्ये गुगलने त्यांचं डूडल केलं होतं.

जन्म २३ ऑगस्ट १९१८, त्रावणकोरमधल्या पीरमेड इथला. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. त्यांनी त्याऐवजी ज्ञानकोशाचे खंड मागितले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन त्या बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि हिरे-माणकांवर प्रकाशाचा अभ्यास केला. पाच शोधनिबंध झाले, १९४५ मध्ये पीएचडीचा प्रबंधही सादर केला. पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली. ती त्यांना कधीच मिळाली नाही.

मग सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंड. तिथे त्यांच्या वाट्याला हवामानाची उपकरणं आली. १९४८ मध्ये परतल्या आणि पुण्यात हवामान विभागात रुजू झाल्या. तेव्हा साधे तापमापकसुद्धा बाहेरून यायचे. ती उपकरणं इथेच बनवायचं ठरलं होतं. १९५३ पर्यंत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या, हाताखाली १२१ पुरुष. जवळपास १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून त्यांचं उत्पादन त्यांनी सुरू करवलं.

आराखडा प्रमाणित करणं म्हणजे नेमकं काय? सगळ्यात सोप्या उपकरणाचं, पर्जन्यमापकाचं उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या प्रमाणित मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असतं. त्यात साठलेलं पाणी खुणा केलेल्या काचेच्या मापाने मोजतात. आता १०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकाचं माप चुकून इथे वापरलं, तर ३५ मिमी पाऊस ७० दिसेल. ६५ मिमीच्या वर अतिवृष्टी धरतात, म्हणजे पाऊस न वाढताच अतिवृष्टी! उलटं झालं तर खरी अतिवृष्टी कागदावरून गायब. वेळेचंही तसंच. दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच धरायचा, नाहीतर दोन गावांची तुलना होत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटाचा फॉरमॅट आधी ठरवतो, कोड नंतर लिहितो. मणीबाईंनी तेच लोखंड, काच आणि पितळेत केलं.

पुढे १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सौर किरणं मोजणारी केंद्रं उभारली. ओझोन मोजणारं, फुग्यासोबत आकाशात सोडायचं भारतीय उपकरणही त्यांच्या पुढाकाराने झालं. १९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या, तरी थांबल्या नाहीत. सौर आणि पवन ऊर्जेच्या भारतीय आकडेवारीचे ग्रंथ काढले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचं निधन झालं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. हिंगोलीतून पूर्णा, कयाधू, पैनगंगा वाहतात आणि सगळं पाणी शेवटी गोदावरीलाच जातं. गोदावरीचं खोरं सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर. भारतीय मानक सांगतं, सपाट भागात दर ५२० चौरस किलोमीटरला किमान एक पर्जन्यमापक हवा. हिंगोलीचं क्षेत्र साडेचार हजारांच्या आसपास आणि महसूल मंडळं ३०. मंडळागणिक एक केंद्र धरलं, तर एका केंद्राच्या वाट्याला साधारण १५० चौरस किलोमीटर. मानकापेक्षा खूपच बरं.

पण मी कॅल्क्युलेटर काढला. १५० चौरस किलोमीटर म्हणजे त्या तोंडाच्या ७५० कोटी पट. नदीला पूर येईल का, एवढं सांगायला हे पुरतं. माझ्या शेतात किती पडला, हे सांगायला पुरत नाही, कारण वळवाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं. आणि मदतीच्या यादीत गाव बसतं की नाही, हे ठरवताना तोच आकडा पुढे येतो.

म्हणून केंद्रं वाढवायची मागणी रास्तच आहे. पण गावाने स्वतःचा मापक बसवला, तरी तोंड, माप आणि वेळ प्रमाणाप्रमाणेच ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर तो उभा करा. नाहीतर आकडे वाढतील, पण ते एकमेकांशी बोलणार नाहीत. तुमच्या मंडळाचं केंद्र नेमकं कुठे आहे, हे तलाठ्यांना विचारून तरी बघा.